आडनावं बाहेर ठेवा

सौंसरच्या आमच्या हायस्कुलात भूगोलाच्या खोलीवर दर शनिवारी दुपारी एक पाटी लटकायची: ‘चपला आणि आडनावं बाहेर ठेवा.’ आत डोंगरे सर स्पॅनिश मंडळ चालवत. होय, स्पॅनिश! ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत धड एक परीक्षानळी नव्हती, तिथे ही चैन. सर स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते. सीताबर्डीच्या फुटपाथवर एक फाटकं पुस्तक मिळालं, तेवढंच भांडवल. उच्चार ते ट्रान्झिस्टर कानाशी धरून खरखरीतून वेचून काढत.

मी तेव्हा अकरावीत होतो आणि निषेधाची पत्रकं लिहायला नुकताच शिकलो होतो. तडक विचारलं, “सर, आमच्या वस्तीत नळ नाही अन् तुम्ही स्पॅनिश शिकवून राहिले? कोण बोलणार आहे आपल्याशी?”

“कोणीच नाही बे,” सर खुशीत म्हणाले. “म्हणूनच त शिकून राहिलो. या भाषेत आपल्याले अजून कोणी शिवी नाही देल्ली.”

आत शिरणाऱ्याला सर पुस्तकामागे छापलेलं एकेक नाव देत. मी मातेओ झालो. कापडवाल्या शेठजींचा मुलगा मिगेल. मुलींच्या शाळेतून पाचजणी यायच्या, त्यातली एक लोला; ती आमच्याच वस्तीतली, पण ते मी बोलायचो नाही. खरं नाव, गाव, वस्ती विचारायची नाही. विचारलं की अंगठे धरून उभं राहायचं. मंडळ जोरात होतं. एकदा आठवडी बाजारात आम्ही स्पॅनिशमध्ये संत्री विकली, तर शेजारची बाई ‘उनो, दोस, त्रेस’ करत आपली संत्री मोजायला लागली. सर दोन दिवस हवेत होते.

गावाला सरांचं एकच कोडं होतं. ‘डोंगरे म्हणजे नेमके कोणते?’ डोंगरे सगळ्याच जातींत सापडतात. कोणी विचारलं की सर म्हणत, “सातपुड्याचे.” पानठेल्यावर यावरून पैजा लागत. देशात म्हणे जात संपली आहे! पानठेल्यावर येऊन बघा.

मग ते आमलेट झालं. स्पेनमध्ये बटाट्याचं जाड आमलेट करतात, असं सरांनी वाचलं आणि खोलीत स्टोव्ह आणला. लोलाने अंडी फेटली, तिनेच उलथलं. मिगेलने अर्धं एकट्याने खाल्लं आणि घरी जाऊन आईला सांगितलं, “लोलाच्या हातचं काय लागते वो!”

अंडं त्या घराने एक वेळ गिळलं असतं. पण शेठजींनी विचारलं, “कोण लोला? कोणाची?” मिगेलला खरंच ठाऊक नव्हतं.

सोमवारी शेठजी मुख्याध्यापकांच्या खोलीत. बोलावणं आलं. आम्ही खिडकीला चिकटलो.

“लोला कोणाची पोरगी आहे, मास्तर?”

“मंडळाची.”

“आडनाव सांगा.”

“ते आम्ही बाहेर ठेवतो, शेठजी. पाटी नाही वाचली?”

मुख्याध्यापक काकुळतीला आले. “डोंगरे, एक आडनाव सांगून टाका न. तुमचं मंडळ राहील, तुमची नोकरी इथंच राहील. काय जाते तुमचं?”

सरांनी भूगोलाच्या खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.

बदली झाली, छिंदवाड्याच्याही पलीकडे. मी पेटून उठलो. रात्रभर बसून पत्रक लिहिलं आणि सरांकडे नेलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवलं.

“चांगलं लिहिलं. पण यात तिचं खरं नाव टाकलं तू. मंग मी काय लपवून राहिलो?”

पत्रक निघालं नाही. खोलीत आज मोडकी बाकं भरली आहेत.

सर निघाले त्या दिवशी स्टँडवर मी एकटाच होतो. बाकीच्यांना घरच्यांनी कोंडलं होतं. मिगेलही आला नाही, लोलाही नाही. सर रस्त्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. कंडक्टर ओरडला, “ओ डोंगरे, पेटी टपावर टाका!”

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. “सर, तुमचं स्पॅनिश नाव काय?”

“मले कोण देईल बे?” ते हसले. “नाव दुसऱ्यानं द्यायचं असते. तुमी त सारे मले डोंगरे सरच म्हणत होते.”

इतकी वर्षं ती पाटी लावणारा माणूस एकटाच आडनाव घेऊन आत बसला होता. मी भराभर नाव शोधायला लागलो. रामोन, पेद्रो, राफाएल... सगळी वाटून झाली होती. पुस्तकात एकही उरलं नव्हतं.

गाडी हलली. मी बाजूने धावत ओरडलो, “माझं घ्या सर! मातेओ!”

खिडकीतून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

“मंग तुले लोक काय म्हणतील?”

मला आता सगळे आडनावानेच हाक मारतात.