दोन नंबरच्या पलंगावरचं स्वप्न

तारवाल्यांनी त्या दिवशी ‘बरं’ हा एवढासा शब्द तोंडातून काढला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. (बायको होती तेव्हा हाच शब्द ते दिवसातून चाळीसदा काढत आणि कधी काही बिघडलं नव्हतं.)

झोपेच्या तक्रारींच्या एका दवाखान्यात ते तंत्रज्ञ होते. पेशंटच्या डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवायच्या आणि शेजारच्या खोलीत बसून पडद्यावरच्या रेघा बघायच्या, हे बावीस वर्षांचं काम. म्हणून सगळे त्यांना तारवाले म्हणत. रेघा कशा हलल्या की माणूस स्वप्नात शिरला, हे ते पेंगता पेंगताही सांगत. हजारो लोकांची स्वप्नं त्यांनी अशी बाहेरून पाहिली होती. दाराशी चपला दिसल्या की आत पाहुणे आहेत हे कळतं, तशी.

पण त्यांच्या स्वतःच्या स्वप्नात बायको काही येईना. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मुलीच्या स्वप्नात ती यायची, मेहुणीच्या यायची. परवा तर इस्त्रीवाला म्हणाला, “काल वहिनी दिसल्या हो. म्हणाल्या, साहेबांची कॉलर जरा कडक कर.”

तारवाल्यांनी कॉलर चाचपली. इस्त्रीवाल्याकडे जायला हिला सवड आहे, आणि तीस वर्षं जिच्या घोटभर उरलेल्या चहावर आपण हक्क सांगितला, तिला आपल्याकडे यायला नाही! (हे ते मनातच म्हणाले. शर्ट अजून त्याच्या टेबलावर होता.)

शास्त्र त्यांना पाठ होतं. स्वप्नं सगळ्यांनाच पडतात. ऐन स्वप्नात कुणी हलवून उठवलं, की ती बहुधा आठवतात. पण त्यांना उठवणार कोण? उठवणारीच गेली होती.

अशात एका सकाळी गणिताचे निवृत्त मास्तर दवाखान्यात आले. काखेत तीन जाड वह्या.

“सहा वर्षं मी एक मिनिटही झोपलेलो नाही,” त्यांनी जाहीर केलं. “रोजची नोंद आहे. बघा.”

“यांचं ऐकू नका,” मागून त्यांच्या बाई म्हणाल्या. “असे घोरतात की शेजारी भिंत ठोकतात. सकाळी म्हणतात, डोळ्याला डोळा लागला नाही! शेवटी मी भावाकडे राहायला गेले. सहा महिने झाले.”

“मी घोरतो हे कबूल केल्याशिवाय ही परत येणार नाही,” मास्तर म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “आणि जे केलंच नाही ते कबूल कसं करू? तुम्ही तपासा. लेखी द्या. म्हणजे हिला घरी नेता येईल.”

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हुशार होत्या. त्या म्हणाल्या, “दुपारी अंधाऱ्या खोलीत पडून राहा. झोपलात की नाही ते यंत्र सांगेल.”

“आणि यंत्रच चुकत असेल तर? तुलनेला दुसरा माणूस हवा.” मास्तरांनी तारवाल्यांकडे बोट दाखवलं. “हे गृहस्थ. हे झोपतात ना?”

“जागेपणीही झोपतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काय हो, तुम्हालाही तारा लावू?”

“बरं,” तारवाले म्हणाले.

झालं! आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोक्याला तारा लागल्या. पेस्ट इतकी गार असते हे त्यांना बावीस वर्षांनी कळलं. (पेशंट ओरडत, तेव्हा ते “काही नसतं हो” म्हणत आले होते.) एक नंबरच्या पलंगावर मास्तर, दोन नंबरवर ते, मधे पडदा. दिवा मालवला.

“जागे आहात?” पडद्यापलीकडून मास्तर कुजबुजले.

“हो.”

“मीही. लिहून ठेवा.”

लिहायला कुणीच उरलं नाही. कारण तारवाले बावीस वर्षांच्या रात्रपाळ्यांनी झोपेला उपाशी. ते सरळ स्वप्नातच पडले.

आणि ती आली! समोरच्या खुर्चीत बसली. अगदी तशीच, पदर सावरत, ओठ जरासे मुडपून हसू दाबत. तारवाले बोलत सुटले. काय बोलत होते कोण जाणे, पण तीन वर्षांचं सगळं साठलेलं बोलून टाकतोय असं वाटत होतं. ती ऐकत होती. मग ती उठू लागली. ‘थांब’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोच कुणीतरी खांदा हलवला.

“उठा, उठा! तुम्ही स्वप्नात होतात!” डॉक्टरीणबाई आनंदाने ओरडत होत्या.

“माहीत आहे,” तारवाले म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, पेस्ट डोळ्यात गेली.

तिकडे मास्तर टक्क जागे होऊन बसले होते. “मी फक्त डोळे मिटून विचार करत होतो.”

“चौथ्या मिनिटाला झोपलात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं. खोलीभर करवत चालू झाली.

“हे घोरणं यांचं!” मास्तरांनी पुन्हा तारवाल्यांकडे बोट केलं.

पण त्यांच्या बाई यंत्राजवळ सरकल्या होत्या. “आमच्या यांचंच आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “शेवटी ती शिट्टी येते बघा. भावाकडे इतकी शांतता असते, सहा महिने मला धड झोप नाही.” त्यांनी नाक पुसलं. “चला घरी. नका कबूल करू काही.”

मास्तर वह्या उचलायलाही विसरले. मग दारातून परत आले आणि म्हणाले, “पण तत्त्व म्हणून, यांचंही ऐकवा.”

डॉक्टरीणबाईंनी दोन नंबर लावला. थोडा वेळ नुसता श्वास. तारवाले कानात प्राण आणून उभे. आणि मग त्यांचाच आवाज, स्पष्ट, कामावरचा:

“या ताई, बसा. नाव सांगा, वय सांगा. डोक्याला तेल लावून आलात का? तेल असलं की तारा चिकटत नाहीत.”

कुणीच हसलं नाही. “कोण होत्या?” मास्तरांच्या बाईंनी विचारलं.

“घरच्याच,” तारवाले म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. ती हसत सुटली, हसता हसता रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, “बाबा, आईला ताई म्हणालात?” त्या रात्री ते लवकर आडवे झाले. ‘तू आलीस?’ एवढंच म्हणायचं, असं वीसदा घोकलं. सकाळ झाली, स्वप्नाचा पत्ता नाही.

चहाचा कप पुढे ठेवत मुलगी म्हणाली, “आई आली होती रात्री. माझ्याकडे.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तुझ्या बाबांना सांग, तेल नव्हतं लावलं.”