मागच्या सीटसाठी कार्बोरेटर

माझ्या मोटरसायकलचं रूप पालटायचं मी ठरवलं, तेव्हा मला कोणी अडवलं नाही. (अडवायला हवं होतं.) साधी, ऑफिसला जाणारी-येणारी गाडी होती. तिला मी लांबलचक शॉकअॅब्सॉर्बर बसवले, जाड खाचांचे टायर चढवले, पुढचं मडगार्ड उचलून पार वर नेलं. आता ती डांबरी रस्त्यावरही चालणार होती आणि दगडधोंड्यांतूनही. आमच्या घरापासून ऑफिसपर्यंत एकही दगडधोंडा नाही, ही गोष्ट वेगळी.

गाडी दिसायला झकास झाली आणि चढावर खोकायला लागली. मूठ पिळली की ती आधी विचार करायची, मग गचका द्यायची आणि मग जमलं तर पुढे जायची. नेमकी त्याच आठवड्यापासून ही बसने जायला लागली.

ही म्हणजे आमची ही. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. रोज सकाळी मी तिला मागे बसवून तिथे सोडायचो आणि पुढे ऑफिसला जायचो. घरात आम्हाला बोलायला वेळ कुठे मिळतो? नळ, गॅस, मुलीचा हरवलेला मोजा, यातच सकाळ संपते. त्या रस्त्यावर मात्र ती माझ्या कानाशी साऱ्या जगाची खबरबात सांगायची आणि मी मान डोलवायचो. (हेल्मेटमुळे अर्धं ऐकू यायचं नाही, पण मान पूर्ण डोलायची.) ती बसने जायला लागली आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं होऊ लागलं. आडपडदा कशाला ठेवू, मला माझी बायको मागच्या सीटवर परत हवी होती.

"अहो, तुमची ती मोटरसायकल—" एकदा तिने सुरुवात केली.

"कळलं! गचके देते."

"गचके देते ते आहेच, पण मी काय म्हणते—"

"काही म्हणू नकोस. कार्बोरेटरच बदलतो!"

इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोचं वाक्य तिच्याआधी पूर्ण करता येतं, याचा मला कोण अभिमान होता.

आता कार्बोरेटर घ्यायचा तरी कोणता? आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे टॉर्क म्हणतात. इंजिनाच्या ताकदीचा विषय निघाला की ते कॅल्क्युलेटर बाजूला ठेवतात, आणि विषय तेच काढतात. "मोठा घ्या," ते म्हणाले. "मूठ पिळली की थेट पेट्रोल! गाडी नुसती उडाली पाहिजे." मेकॅनिकचं मत उलट होतं. "व्हॅक्यूमवाला घ्या साहेब. इंजिन जेवढा श्वास घेईल तेवढंच पेट्रोल देतो. गाडी लोण्यासारखी चालेल." मग त्याने जुना कार्बोरेटर उघडून बघितला, चकचक केलं आणि विचारलं, "याला याआधी कुठल्या गाढवाने हात लावला होता?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

"मग बरोबर असेल," असं म्हणून त्याने तो लगेच बंद केला.

शेवटी दोन दुकानदारांच्या हातापाया पडून मी दोन्ही कार्बोरेटर बघण्यासाठी घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. घरभर पेट्रोलचा वास सुटला. मुलगी नाकाला रुमाल लावून अभ्यासाला बसली.

"यातला कोणता घेऊ?" मी हिला कौतुकाने विचारलं.

"जो टेबलावर राहणार नाही तो," ही म्हणाली. "आणि अहो, मुळात त्या गाडीवर मला—"

"कळलं, भीती वाटते. म्हणूनच तर हा व्हॅक्यूमवाला बघतोय!"

तो कसा चालतो हे तिला दाखवावं म्हणून मी वरचं झाकण उघडलं. आतली स्प्रिंग टुणकन उडाली आणि दिसेनाशी झाली. मी टेबलाखाली शिरलो, फ्रीजमागे हात घातला, मुलीचं दप्तर उपडं केलं. स्प्रिंग काही सापडेना. जेवायला बसलो, तेव्हा हिने भाजीच्या पातेल्यात डाव घातला, थांबली आणि शांतपणे माझ्या ताटात वाढत म्हणाली, "हे घ्या. हे तुमचं."

ज्या कार्बोरेटरची स्प्रिंग भाजीत पडली तो परत कसा करणार? अशा रीतीने माझी निवड झाली. (टॉर्कना मी सांगितलं की बराच अभ्यास करून निर्णय घेतला.)

आणि काय सांगू! मेकॅनिकने तो बसवला आणि गाडीचं नशीबच पालटलं. चढावर खोकला नाही, गचका नाही. मी घरासमोरच्या चढावर चारदा उगाच वर-खाली केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी केली, सीट पुसली आणि रुबाबात हाक मारली, "चला, बाईसाहेब!"

ही पर्स सांभाळत बाहेर आली. सीटकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"अहो, पाय पोचत नाही."

"काय?"

"पाय! तुम्ही गाडी उंच केलीत ना, त्या दिवसापासून मला वर चढताच येत नाही. तेच तर केव्हाची सांगतेय. मी 'मोटरसायकल' म्हटलं की तुम्ही 'कार्बोरेटर'!"

मी हेल्मेटची काच खाली ओढली. तोंड लपवायला तेवढी एकच जागा होती.

ही मात्र हसायलाच लागली. आत गेली आणि स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल घेऊन आली. ते तिने गाडीशेजारी नीट ठेवलं, त्यावर चढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगतो, त्या हाताने मला भरून आलं. इतके दिवस हा खांदा नुसता शर्ट अडकवायला होता.

"अहो, अजून—"

"कळलं!" मी म्हणालो आणि निघालो.

काय गाडी पळाली! चढ आला तरी तिला पत्ता नाही. "बघितलंस?" मी ओरडलो. "दोघं बसलोय, पण मागे कोणी असल्यासारखं वाटतंय तरी का? याला म्हणतात कार्बोरेटर!" मग तिला श्वासाप्रमाणे पेट्रोल कसं मिळतं ते समजावलं, मोठा कार्बोरेटर घेतला असता तर काय अनर्थ झाला असता तेही सांगितलं. ती एका शब्दाने मध्ये बोलली नाही. माझं इतकं मन लावून तिने पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं.

दवाखान्यासमोर गाडी थांबवली. "उतर सावकाश," म्हणत मागे वळलो. सीट स्वच्छ होती. मी पुसली होती तितकीच स्वच्छ.

मी गाडी वळवणार, तेवढ्यात समोर बस थांबली. आधी स्टूल उतरलं, मागून ही.

"ऐक, मी काय म्हणतो—"

"मी सांगू आधी?" तिने विचारलं. मी पहिल्यांदाच गप्प बसलो. तिने स्टूल माझ्या हातात दिलं आणि सकाळचं वाक्य पूर्ण केलं.

"अजून बसले नाही."