पंचवीसचे बिराजदारकाका

बिराजदारकाका आपल्याशी बोलताना डोळ्यांकडे बघत नाहीत, ओठांकडे बघतात. जुळे सोलापुरातल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी हे गृहस्थ शेजारच्या दारातून बाहेर आले. मी माझं नाव-गाव सांगत होते तोवर टक लावून माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी समाधानानं म्हणाले, "छान. तुमचं जुळतंय बघा." मी घरात जाऊन आधी आरशात दात बघितले. सकाळी मेथीची भाजी खाल्ली होती.

नंतर कळलं, जुळतंय म्हणजे ओठ आणि आवाज. कुणाचे ओठ आधी हलले आणि आवाज मागून आला, की या माणसाला चैन पडत नाही. टीव्हीवरची बातमी ते ऐकतच नाहीत. देशात काय वाट्टेल ते होवो, हे निवेदिकेच्या हनुवटीवर नजर लावून बसलेले. मग केबलवाल्याला फोन. "अहो, बाईंचं तोंड मिटलं तरी बाई बोलतायत की!" केबलवाला आता त्यांचा नंबर दिसला की फोन उचलत नाही.

गुरुशांत बिराजदार मूळचे मैंदर्गीचे. विमा कचेरीत हेडक्लार्क होते. नोकरीभर कागदाला कागद टाचला आणि निवृत्त झाल्यावर व्हिडिओला व्हिडिओ टाचायला घेतला. कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत, कुणाच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, सगळे आपापले तुकडे त्यांच्याकडे आणून टाकतात आणि काका त्याची एक फाईल करून देतात. पैसे घेत नाहीत. भाषण देतात.

भाषण ठरलेलं असतं. "व्हिडिओ म्हणजे काय? भराभर दाखवलेले फोटो. एक कॅमेरा सेकंदाला पंचवीस फोटो काढतो, दुसरा तीस, तुमच्या पोराचा फोन साठ. आता पंचवीसच्या मागं साठचा तसाच चिकटवला तर काय होईल? चित्र पळेल आपल्या चालीनं, आवाज राहील मागं. म्हणून आधी पत्रिका बघायची, मग सोयरीक." ही पत्रिका बघितल्याशिवाय काका एकही तुकडा आत घेत नाहीत. आलेला प्रत्येक व्हिडिओ आधी पंचवीसचा करून घेतात. पंचवीसच का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आमच्या घरातला पहिला कॅमेरा पंचवीसचा होता. नंतर जो घरात येईल त्यानं घरच्या चालीनं चालावं." एखाद्या सासूबाईंनी हे वाक्य ऐकलं असतं तर त्यांना मिठी मारली असती.

माणसंही ते याच हिशोबानं ओळखतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी 'साठचे', म्हणजे फार पळतात आणि हाती काही येत नाही. माझे यजमान 'बाराचे'. हे मात्र खरं होतं.

चेष्टा सोडा, पण त्यांचं काम चोख असतं. माझ्या भाचीच्या लग्नात हळदीचं चित्रण फोनवर झालं होतं, लग्नाचं मोठ्या कॅमेऱ्यावर. तिच्या दिरानं सगळं एका संध्याकाळी स्वतःच चिकटवलं आणि आम्हाला दाखवायला बसवलं. भटजींचं 'सावधान' ऐकू आलं तेव्हा जोडपं पंक्तीत बसून जिलबी खात होतं. काकांनी ते उसवून पुन्हा बांधलं तेव्हा कुठे भाचीचं लग्न वेळेवर लागलं.

या माणसाची घरातली तऱ्हा तर आणखी वेगळी. शकुंतलाकाकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, त्यांनी कधी हाक मारलेली मी ऐकली नाही. काकू मागच्या गॅलरीत असल्या तर हे चार खोल्या ओलांडून जाणार, त्यांच्या पुढ्यात उभे राहणार आणि मग "चहा टाकतेस का?" म्हणणार. उजेड पाठीमागून येत असला तर दोन पावलं सरकून उजेडाकडे तोंड करणार, आणि मगच चहा. मी आमच्या घरात हे उदाहरण म्हणून सांगायचे. आमचे बारावाले म्हणायचे, "त्यांना चालायला सांगितलंय डॉक्टरांनी."

काकू मात्र मला शिष्ट वाटायच्या. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. जिन्यात मागून हाक मारली तर वळायच्या नाहीत, फोन कधी उचलायच्या नाहीत. समोरासमोर भेटल्या तर मात्र हात धरून, माझ्या तोंडाकडे बघत, इतक्या मायेनं बोलायच्या की ही तीच बाई का, असा प्रश्न पडावा. नवऱ्याची खोड लागली असेल, असं मी धरून चालले.

काकूंची साठी आली. काकांनी ठरवलं की माहेरच्या सगळ्यांनी आणि पुण्याच्या लेकीनं आपापल्या घरून दोन शब्द बोलून पाठवायचे, त्याची एक फाईल करायची आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून काकूंना दाखवायची. "सगळं माहेर एका दमात तिच्याशी बोललं पाहिजे," म्हणाले. "आणि तिला शब्द न् शब्द कळला पाहिजे." हे शेवटचं वाक्य ते तीनतीनदा म्हणायचे. मी मनात म्हटलं, काकू काय इंग्लंडातून आल्यात?

मग त्यांचे नातेवाइकांना फोन सुरू झाले. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. काकूंच्या बहिणीला, "नीलाक्का, तोंडावर उजेड घ्या. पदरानं तोंड झाकू नका. पान थुंकून या आधी." पुण्याच्या लेकीला, "मान वळवून बोलू नकोस." इथवर ठीक होतं. पण कुर्डुवाडीला फोन लावून आपल्या थोरल्या मेहुण्यांना, मल्लिनाथदादांना, हे म्हणाले, "दादा, बोलायच्या आधी मिशा तेवढ्या कापून घ्या."

मल्लिनाथदादांच्या मिशा म्हणजे दादांचं अर्धं व्यक्तिमत्त्व. वरचा ओठ कुणी पाहिला असेल तर त्यांच्या आईनंच. उरलेलं अर्धं म्हणजे आवाज. सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये झाली, त्यामुळे यंत्रांच्या वरताण बोलायची सवय जडलेली, आणि एकदा बोलायला लागले की समोरच्यानं फक्त मान हलवायची. दादांनी फोनवर जे उत्तर दिलं ते मला काकांच्या भिंतीतूनच नव्हे, बहुधा थेट कुर्डुवाडीहूनही ऐकू आलं. "भैनीच्या साठीला भावानं मिशा काढायच्या? घरात कोण मेलंय का?" आणि रुसून बसले. व्हिडिओ पाठवला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र आले. मिशांना तेल लावून, पटका बांधून, खिशात फोन घेऊन. हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या, हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं येऊन झाकून ठेवलं होतं, काका पडद्याशी वायरी जोडत होते. दादांनी फोन पुढे केला. "ह्यो माझा व्हिडिओ. लावा."

काकांनी पत्रिका बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. तीसचा होता, आणि दादा त्यात भरपूर बोलले होते. काकांचा कॉम्प्युटर वयानं त्यांच्याच बरोबरीचा. तो व्हिडिओ पंचवीसचा करायचा म्हणजे संध्याकाळ झाली असती.

"दादा, हा वेगळा लावू की आपण. शेवटी," काका म्हणाले.

"शेवटी? मी थोरला आन् शेवटी?"

"मग आधी लावू. पण वेगळा."

"वेगळा?" दादांचा आवाज छताला लागला. "सगळी भावंडं एका फायलीत आन् थोरला तेवढा वेगळा राहतो म्हणतील लोक! मी काय परका हाय का? मिशा कापा म्हणता, वर घराभायेर काढता." आणि पटका काढून मांडीवर ठेवला. न जेवता निघायची ही खूण.

काकू पुढच्या रांगेतून उठून आल्या. भाऊ रुसलाय एवढं त्यांना दिसलं होतं. काकांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "दादाला नाराज करू नका हो. एवढं ऐका माझं."

काका क्षणभर बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. तीसचा व्हिडिओ पंचवीसच्या डोक्यावर, फाईलच्या सुरुवातीलाच, तसाच चिकटवला. आता मागचे सगळे तीसच्या चालीनं पळणार होते. एकेक बटण ते दबकत दाबत होते. मला हसू आलं. म्हटलं, माणूस बॉम्ब जोडल्यासारखा काय करतोय.

दादांचा भाग झकास झाला. पडद्यावर मिशा हलत होत्या, हॉल दणाणत होता, काकू मान हलवत होत्या. दादा संपले आणि मैंदर्गीच्या नीलाक्का आल्या. तोंड भराभर चाललेलं, आवाज रमतगमत. त्यांनी हात जोडून तोंड मिटलं तरी आवाज मैंदर्गीच्या कानडी-मराठीत म्हणत होता, "शकू, ऊटा आतेन? जेवलीस न्हवं?" हॉलमध्ये हशा फुटला. मग पुण्याची लेक आली. तिनं चित्रात केक कापून खाऊनही टाकला आणि बऱ्याच वेळानं बंद तोंडातून आवाज आला, "आई गं..." लोक पोट धरून हसायला लागले. दादा सगळ्यांत मोठ्यानं.

मी काकूंकडे बघितलं. त्याही हसत होत्या, पण सगळ्यांच्या मागून. आधी डावीकडे बघायच्या, उजवीकडे बघायच्या, लोक हसतायत हे बघून मग हसायच्या. पडद्याकडे बघताना मात्र चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चुकून दुसऱ्याच गावच्या गाडीत बसलेल्या माणसासारख्या दिसत होत्या.

काका उठले. आवाज बंद केला. एक खुर्ची ओढत नेली आणि पडद्याकडे पाठ करून बसलं तर आपल्या तोंडावर उजेड पडणार नाही हे लक्षात आल्यावर हॉलचे दिवे लावायला सांगितले. मग काकूंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"शकू," ते सावकाश म्हणाले, "नीलाक्का काय म्हणतीय बघ." आणि आमचे हेडक्लार्क हात नाचवत, मान तिरकी करून, थेट मैंदर्गीच्या ठसक्यात बोलायला लागले. "शकू, ऊटा आतेन? साठ वर्साची झालीस की गं! आपल्या हिरीवर पोहायला शिकवताना लई पाणी पिलीस, ध्यानात हाय का?"

"हाय की गं," काकू म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

मग काका लेक झाले, मग धाकटा भाऊ, मग दोन भाचे. जुळवताना एकेक तुकडा इतक्यांदा ऐकला होता की सगळ्यांचं सगळं तोंडपाठ. लेकीचं "आई गं, मला तुझी फार आठवण येते" म्हणताना त्यांचा स्वर बारीक झाला आणि हॉलमधलं एकही माणूस हसलं नाही. कुठेतरी मध्येच काकूंचा पदर मागे सरकला आणि कानामागचं छोटं यंत्र दिसलं. पदर सावरायला त्यांनी हात वर नेला, आणि तसाच खाली घेतला.

"शकूला ऐकू येत न्हाय?" दादांनी हळूच विचारलं. दादांचं हळूच, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं.

पंगतीत मी हुग्गी वाढत असताना काका मला म्हणाले, "यंत्रातनं तिला आवाज येतो, गोंगाटासारखा. शब्द ओठांवरनं घेते. दोन्ही एकत्र आलं तरच कळतं. कुणाला सांगू नका म्हणाली होती. लोक आधी मोठ्यानं बोलतात म्हणे, मग बोलायचंच सोडून देतात." मी आणखी एक पळी हुग्गी वाढली त्यांना.

पुढच्या आठवड्यात काकूंचा डबा परत द्यायला गेले, तर काका कॉम्प्युटरशी झुंजत होते. कुर्डुवाडीहून नवा व्हिडिओ आला होता. दादाच होते, पण ओळखू येईनात. मिशा सफाचट! वरचा ओठ पांढरा, उघडाबोडका, आणि दोन्ही ओठ जिवाच्या आकांतानं हलतायत. आवाज शून्य.

"सगळं तपासलं," काका हताश होऊन म्हणाले. "आवाजच नाही की हो. जुळवू कशाशी?"

तेवढ्यात काकू आल्या. पडद्याकडे बघितलं आणि खुदकन हसल्या. स्टूल ओढून काकांच्या पुढ्यात, पडदा दिसेल अशा बसल्या, आणि नसलेल्या मिशीला पीळ देत दादांच्या थाटात बोलायला लागल्या. "म्हणतोय, 'शकू, तुला ऐकू येत न्हाय म्हणल्यावर आवाज कशाला उगं वाया घालवू? म्हणून नुसतंच बोलतोय. मिशा काढल्यात. आता दिसतंय न्हवं?'"

काका हसता हसता थांबले, कारण काकू थांबल्या होत्या. पुढचं त्या हळू बोलल्या. "'इतकी वर्सं मी बोलत हुतो आन् तू मान हालवत हुतीस. मला वाटायचं, जगात एक तरी माणूस माझं ऐकतंय. शकू, तू माझं काहीच ऐकलं न्हाईस का गं?'"

पडद्यावर दादांचे ओठ मिटले होते. ते तसेच कॅमेऱ्याकडे बघत बसले होते, उत्तराची वाट बघत असल्यासारखे.

काकूंनी चित्रण करायला काकांच्या हातात फोन दिला. खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून बसल्या. पदर कानामागे सारला.

"दादा," त्या म्हणाल्या, "अरे, सगळ्या घरादारात तुझंच तेवढं मला नीट ऐकू येतं. ओठ बघावे लागत न्हाईत. तू बोलत राहा. आन् मिशा वाढव बाबा परत, अगदी भुंडा दिसतोस."

खरं ठाऊक असूनही काकांनी तो व्हिडिओ न मोजता, न जुळवता तसाच पाठवून दिला.