दोनदा वाजवतात

दौंडच्या बाजारात आप्पा मेथीचा भाव दोनदा विचारतात. बाईला ऐकू आलं तर ठीक, नाहीतर तिसऱ्यांदा तोंड उघडत नाहीत. "दोनदा वाजवली," म्हणून सरळ पुढं निघतात. मेथी राहते, पण नियम मोडत नाही.

हा नियम जर्मन भाषेच्या परीक्षेचा. आप्पा आमचे शेजारी, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले. मुलगा संदीप जर्मनीत, सून तिथलीच, नातीला मराठीचा गंध नाही. "आप्पा, तुम्हाला भाषा येत नाही, इथं येऊन काय करणार?" असं संदीप एकदा फोनवर म्हणाला आणि आप्पांनी सत्तरीत पुण्याला क्लास लावला. नातीला भेटायला जायचं तर असली परीक्षा लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण ज्ञानी माणसाला कोण सांगणार!

"भाग चार. ऐकनं, वाचनं, लिवनं, बोलनं," ते मलाच शिकवत. "ऐकायची टेप दोनदा वाजिवत्यात. पयल्यांदा नुसता अंदाज घ्यायचा. दुसऱ्यांदा कळतं."

लिहिण्यात तीन मुद्दे आणि तीस शब्द. शिरूरला भाच्याच्या साखरपुड्यात आप्पांनी भाषणही तीस शब्दांत उरकलं. त्याआधी तासभर बोललेले पुढारी अजून त्यांच्यावर नाराज आहेत.

बोलण्याच्या भागात चित्र दाखवून ती वस्तू विनंतीने मागायची असते. त्याला जोडीदार लागतो, म्हणजे मी. पहिल्याच दिवशी आमच्याकडे येऊन त्यांनी कपाचं चित्र वर धरलं आणि "बिट्टं, बिट्टं" म्हणाले. बिट्टं म्हणजे कृपया. माझ्या बायकोने बीट चिरून आणलं. परीक्षेच्या शिस्तीखातर आप्पांनी ते संपवलंसुद्धा.

आणि आप्पा पास झाले! पेढे घेऊन आले, माझ्यासमोरच संदीपला फोन लावला, स्पीकर चालू केला.

"पास झालो रं! आता कवा येऊ?"

"अरे वा, आप्पा!" संदीप म्हणाला. "पण यंदा नको. इथं थंडी फार असते. ठेवतो, मीटिंग आहे."

फोन बंद झाला. मला संदीपचा असा राग आला की हातातला पेढा मी परत ठेवला.

"आप्पा, काय म्हणाला तो, कळलं ना?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. मोबाईल त्यांनी खिशात टाकला नाही, समोर ठेवला. "पयल्यांदा न्हाई कळत. अजून एकदा वाजवंल की."