‘पडेल’ कंपनीचा दिगूभिया

आमच्या गल्लीतला दिगूभिया रोज सकाळी दूधवाला येऊन गेला की नवी कोरी पँट घालून घराबाहेर यायचा, चार पावलं पळायचा आणि डांबरी रस्त्यावर धाडकन पडायचा. मुद्दाम. उठायचा, वाकून गुडघे बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा पडायचा. देवासला नव्यानं बदलून आलेली माणसं पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन धावायची. आठवड्याभरात त्यांचीही घड्याळं त्याच्या पडण्यावर लागायची.

“कंपनीचा रूल आहे भिया,” अंग झटकत तो सांगायचा. “पडल्याशिवाय माल बाहेर जाणार नी.”

कंपनीत माणसं दोन. एक दिगूभिया आणि दुसरा त्याचा शाळेपासूनचा दोस्त मिलिंद, म्हणजे मिल्या. त्यातला मिल्या वारलेला होता. पण रूल सगळे त्याचे.

हा मिल्या म्हणजे देवासातला पहिला आणि शेवटचा स्केटबोर्डवाला. नव्वदच्या आसपास त्याच्या आत्तेभावानं अमेरिकेहून ती फळी आणली, तेव्हा तिला काय म्हणायचं हेच कोणाला कळेना. मिल्याच्या आईला, म्हणजे काकूंना, तो चाकं लावलेला पाट वाटला. एकदा घरात पूजा होती आणि पाट कमी पडले, तर त्यांनी खरंच तो गुरुजींना बसायला दिला. गुरुजी आचमनाला पुढे वाकले ते ओसरी, अंगण, फाटक ओलांडून सोनकच्छच्या रस्त्याला लागले. काही लोक म्हणतात, फाटकापाशीच थांबले. पण ते लोक तिथे नव्हते.

मिल्या देवीच्या टेकरीच्या उतारावरून त्या फळीवर उभा राहून सुटायचा आणि काकू गच्चीतून ओरडायच्या, “पडेल रे, पडेल!” मिल्या पडायचाच. खाली त्याच्या चपला हातात धरून दिगू उभा. एकानं पडायचं, दुसऱ्यानं उचलायचं, अशी वाटणी होती. दिगू स्वतः त्या फळीवर कधी चढला नाही. “जमीन सोडली तर मिल्याला उचलेल कोण?” असं विचारायचा.

गुडघ्यांवर ठिगळं लावून काकू कंटाळल्या, तेव्हा मिल्या त्यांच्याच शिलाई मशीनवर बसला आणि दुहेरी गुडघ्यांची, भोंग्यासारखी ढगळ पँट शिवून मोकळा झाला. मागच्या खिशावर भरतकामात नाव घातलं : ‘पडेल’. पोरांनी मागून नेल्या. वर्षभरात कंपनी झाली.

आणि मग, ज्याच्याबद्दल सगळ्या देवासनं पडूनच मरणार म्हणून सांगून ठेवलं होतं, तो मिल्या काविळीनं गेला. अंथरुणात, स्वस्थ पडल्या पडल्या. त्या वर्षी आम्हाला कोणालाच काही गमतीचं बोलायचं सुचलं नाही.

दिगूभियानं काही वर्षं कारखान्यात मान खाली घालून काढली. मग एक दिवस नोकरी सोडली, एक शिंपी ठेवला आणि दुकानावर पाटी चढवली : ‘पडेल’.

पाटीनं पहिल्या दिवसापासून छळलं. “भिया, पटेल गलत लिख दिया पेंटर ने.”

“पटेल नी, पडेल! हमारी मराठी में, पडेल याने गिरेगा!”

“तो गिरने वाली पँट कौन लेगा भिया? नाड़ा डलवाओ!”

नाव बदल, असं सांगणारे शंभर जण भेटले. हा ढिम्म. तो मूळचा धारचा, म्हणून तिथे जत्रेत दुकान लावलं आणि भर गर्दीत मालाची परीक्षा म्हणून पडून दाखवलं. लोकांना वाटलं, फेफरं आलं. अर्ध्या धारनं त्याला चपला हुंगवल्या. नवरात्रात टेकरीच्या पायथ्याशी पडला, तर बायांनी दंडवत घालतोय समजून कपाळाला कुंकू लावलं आणि हातात नारळ दिला. नारळ त्यानं दुकानात फोडला. विक्री मात्र बेताचीच.

पण दिगूभियाला खरं गिऱ्हाईक एकच हवं होतं : काकू. त्यांनी एकदा दुकानात यावं, माल हातात घेऊन बघावा, एवढंच. आणि काकू तर ती पाटी दिसू नये म्हणून भाजीलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायच्या.

दर दसऱ्याला तो सोनं द्यायला जायचा आणि एक पँट ठेवून यायचा. काकू तिची फरशी पुसायला फडकी करायच्या. आम्हाला वाईट वाटायचं. हा उलट खूश. “बघितलं? काकू इतकं घासतात, पण एक टाका हलला नी!”

मग एका वर्षी त्याच्या कमरेनं दगा दिला. डॉक्टरनं पडणं बंद केलं. त्या दसऱ्याची पँट न पडताच काकूंकडे गेली.

दिवाळीच्या सफाईत ती उसवली.

मी तेव्हा दुकानातच बसलो होतो. काकू त्या पाटीखालून ताड ताड आत आल्या आणि ओलं फडकं गल्ल्यावर आपटलं. “दिगंबर! ही शिलाई? मिलिंदच्या नावावर ही असली शिलाई खपवतोस?”

दिगूभिया उभा राहिला. काकूंनी मग सगळं दुकान उलटंपालटं केलं. शिंप्याला दोरा बदलायला लावला, त्याच्या बापाचाही उद्धार केला. शेवटी वरच्या फळीवर हात घातला. तिथे पँटींची एक वेगळी चळत होती, घडी न मोडलेली.

“आणि ह्या कोणाच्या?”

“त्या विकायच्या नाहीत काकू,” दिगूभिया म्हणाला. “प्रत्येक लॉटमधली एक. मिल्याच्या मापाची.”

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं.

काकूंनी वरची पँट उलगडली. कमरेशी दोन्ही हातांनी ताणून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील.

“ही नाही व्हायची त्याला आता,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे पस्तिशी उलटली की सगळे सुटतात. त्याचे बाबा कसे होते, पाहिलं होतंस ना? कमरेत वाढव जरा.”

“किती वाढवू?”

काकूंनी त्याला खालून वर न्याहाळलं. दोघं एकाच वर्गातले, एकाच वयाचे.

दिगूभियानं गळ्यातली टेप काढली आणि स्वतःच्या कमरेभोवती धरली.

“पोट आत ओढू नकोस,” काकू म्हणाल्या.