लाल कोट, काळा कोट आणि पादचारी पूल

रस्ते खात्याच्या कचेरीत भिंतीवर नकाशा लावला होता. टेलरकाकांनी चष्मा लावला, जुन्या सवयीने खिशातली टेप काढली आणि नकाशाला लावली. त्यांचं घर नखाएवढं होतं, समोरचं घड्याळवाल्याचं दुकान तिळाएवढं. दोन्हींच्या मधून एक जाड काळी रेघ सरळ गेली होती.

"ही रेघ कसली, साहेब?"

"दुभाजक. रस्ता सहा पदरी होणार. मध्ये चार फूट उंच भिंत."

"मग मी पलीकडे जाणार कसा?"

"उजवीकडे दीड किलोमीटरवर चौक आहे. तिथून वळसा घालायचा."

"म्हणजे जायला तीन किलोमीटर, यायला तीन. आणि दुकान चाळीस पावलांवर."

"पलीकडे तुमचं काम काय असतं रोज?"

हा प्रश्न अवघड होता. काम काहीच नसायचं. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, शिलाई मशीन सहा वर्षं कापडाखाली झाकलेलं होतं. परगावचा मुलगा रविवारी फोन करायचा. "बाबा, सगळं ठीक?" "ठीक." की झालं. रोज चार वाजले की काका घराला कुलूप लावून रस्ता ओलांडायचे आणि घड्याळवाल्याच्या स्टुलावर बसायचे. दोघांत मिळून सहाएक वाक्यं व्हायची, त्यातली दोन गुडघ्यांची. बाकीचं घड्याळं बोलायची. पण ती सहा वाक्यं गेली असती, तर काकांना तोंड फक्त जेवायला उरलं असतं.

"मित्र आहे तिकडे," काका म्हणाले.

साहेबांनी नकाशात वाकून पाहिलं. "तसं काही दाखवलेलं नाही."

"साहेब, आम्ही कपडा बेतताना शिवणीत थोडी माया सोडतो. तुमच्या भिंतीत नाही का सोडता येणार? एक माणूस जाईल एवढी?"

साहेब जरा नरमले. "भिंतीत मोकळी जागा सोडून पांढरे पट्टे मारता येतात. पण नियम आहे. एका दिवसात तिथून तीनशे माणसं रस्ता ओलांडतात असं मोजणीत निघालं, तरच मंजुरी. बुधवारी आमची बाई मोजायला येईल."

सोमवारी काकांनी खिडकीत बसून स्वतः मोजलं. दिवसभरात अडतीस. त्यात दोनदा ते स्वतः आणि एकदा कुत्रा.

"टेलर, तुझ्या ओळखीची माणसं किती?" घड्याळवाल्याने भिंगातून डोळा न काढता विचारलं.

"तू."

"माझ्या ओळखीचा तू. झाले दोन."

त्या संध्याकाळी काकांनी कपाट उघडलं. शिलाईचं दुकान बंद केलं तेव्हा एकतीस कपडे गिऱ्हाइकांनी नेलेच नव्हते. बँडवाल्याचा लाल कोट, वकिलाचा काळा कोट, रखवालदाराची खाकी, आणि कुणा जाडजूड माणसाचा सैल करायला दिलेला सदरा. कुणीतरी येईल म्हणून काका दर दिवाळीला कपाट आवरताना त्यांना इस्त्री करून ठेवायचे. सहा वर्षांत कुणी आलं नव्हतं. काकांनी लाल कोट अंगावर चढवून आरशात पाहिलं. खांदे जरा उतरत होते, पण चालण्यासारखं होतं.

बुधवारी सकाळी सातला मोजणीवाली बाई आली. घडीची खुर्ची मांडली, छत्री डोक्यावर खाली ओढून घेतली आणि मांडीवर फळी घेऊन बसली. कुणी रस्ता ओलांडला की एक रेघ. मान वर नाही.

काका लाल कोटात निघाले. तिच्याजवळून एकट्याने मुकाट जाणं त्यांना बरं वाटेना. "बाई, पाणी देऊ का?"

"नको."

घड्याळवाल्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काका वकील झाले आणि परत आले. आवाज जाड करून म्हणाले, "बाई, पाणी हवंय का?"

"नको."

मग रखवालदार. मग जाडा माणूस, पोटाशी उशी बांधून. दहा वाजेपर्यंत चाळीस रेघा झाल्या आणि काकांचे गुडघे कुरकुरायला लागले.

तोवर गल्लीचं लक्ष गेलं होतं.

"घड्याळवाल्याकडे आज काय आहे हो? बँडवाला आत गेला."

"म्हणजे उद्घाटन असेल."

"वकीलही गेलाय."

"म्हणजे भानगड."

"अहो, रखवालदार ठेवलाय! म्हणजे आत माल आहे. वाटप दिसतंय. घड्याळांचं."

बाराच्या सुमाराला रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रांग लागली. घड्याळवाला दारात उभा राहून हात जोडत होता. "अहो, माझ्याकडे काही नाही!"

"इतका नाही म्हणतोय म्हणजे नक्की आहे," रांगेतून कुणीतरी म्हणालं. लोक आत डोकावायचे, रिकाम्या हाताने घरी जायचे आणि बायकामुलांना घेऊन परत यायचे, कारण वाटप माणशी असणार हे सगळ्यांनी मनाशी ठरवलं होतं. बाईने दुपारी दुसरी पेन्सिल काढली. संध्याकाळी सातला बेरीज झाली एक हजार चारशे बारा.

महिन्याने पत्र आलं. पादचारी संख्या हजाराच्या वर असल्याने पट्टे सुरक्षित नाहीत, सबब पादचारी पूल मंजूर. दोन्ही बाजूंना बावन्न-बावन्न पायऱ्या. पलीकडच्या जिन्याची पहिली पायरी बरोबर घड्याळवाल्याच्या दुकानात.

काका धावतच कचेरीत गेले. म्हणजे गुडघे देतील तितपत.

"साहेब, पूल नको. साधे पट्टे द्या."

"चौदाशे लोकांची सोय तुमच्या एकट्याच्या गुडघ्यांसाठी मोडू?"

"त्या चौदाशेत..." काका अडले. खरं सांगावं तर पट्टेही गेले आणि वर लबाडी पदरात. "मी एकटाच आहे हो, साहेब."

"तेच तर मी म्हणतोय," साहेब म्हणाले.

घड्याळवाल्याने बातमी शांतपणे ऐकली. "टेलर, आख्ख्या जन्मात माझ्या दुकानात चौदाशे माणसं आली नव्हती. एकदा आली, ती दुकानच घेऊन गेली." मग भिंग पुसत म्हणाला, "पुतण्या बोलावतोय त्याच्या गावी. जातो आता."

दोन दिवस चार वाजले तरी काका घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकट्यानेच मशीन ढकलत कोपऱ्यात नेलं, खिडकीशी टेबल सरकवलं आणि पलीकडे गेले.

"माझी पुढची खोली आहे. उजेड चांगला येतो."

"आणि तुझं मशीन?"

"ते काही बोलत नाही."

घड्याळवाल्याने पुतण्याला पत्र लिहिलं की तब्येतीला तिकडची हवा मानवणार नाही.

दोन वर्षांत रस्ता झाला, भिंत झाली, पूल झाला. पुढच्या खोलीत अकरा घड्याळं टिकटिकायला लागली. तरी चार वाजले की काका आतल्या खोलीत चप्पल पायात घालायचे, मधलं दार ओढून घ्यायचे, चार पावलं चालून पुढच्या खोलीत यायचे आणि स्टुलावर बसायचे. "आलास?" घड्याळवाला विचारायचा. हे पहिलं वाक्य.

एका बुधवारी खिडकीबाहेर घडीची खुर्ची दिसली. तीच छत्री, तीच फळी. चार वाजून गेल्यावर बाई दाराशी आली.

"काका, आज पाणी मिळेल का?"

काकांनी तांब्या-भांडं आणलं. "आज कसली मोजणी?"

"पूल किती लोक वापरतात त्याची. सकाळपासून शून्य. कोरा कागद दिला तर साहेब म्हणतात, मी झोपले." ती पाणी प्यायली आणि भांडं ठेवत म्हणाली, "तो लाल कोट आहे का अजून?"

काकांनी तांब्या खाली ठेवला. "तुम्ही तर मान वर केली नव्हती!"

"नाहीच करत. चेहरे बघितले की मोजणी चुकते. मी पाय बघते. त्या दिवशी बँडवाला, वकील, रखवालदार, सगळ्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला होता."

काकांनी खाली पाहिलं. निळा दोरा तिथेच होता. जन्मभर त्यांनी माणसं गळ्यापासून पायजम्याच्या दुमडीपर्यंत पाहिली होती. त्याच्या खाली कधी नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कागदावर 'रस्ता कुणी ओलांडला' असा रकानाच नाही." तिने ओठ पुसले. "बारा वर्षं रस्त्यावर बसते, काका. पाणी देऊ का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही एका दिवसात वीस वेळा विचारलंत."

मग काकांनी कपाट उघडलं. काळा कोट घड्याळवाल्याच्या अंगावर टाकला आणि लाल कोटाच्या बाहीत स्वतःचा हात घातला.

"बावन्न पायऱ्या चढायच्या, बावन्न उतरायच्या," घड्याळवाला कुरकुरला. "आणि पलीकडे आता आपलं आहे कोण?"

"कुणी नाही," काका म्हणाले. "म्हणून तर लगेच परत येऊ. दोन रेघा होतील."

"चार," बाई म्हणाली. "तुम्ही दोघं आहात." तिने खुर्ची आत आणून खिडकीशी मांडली, पेन्सिल हातात घेतली आणि मान खाली घातली. "फक्त काका, या वेळी चप्पल तेवढी बदला."