अबू फहादची बंदूक आणि शरफुन्निसाची आमसुलं

नसरुद्दीनने नुसती मान हलवली. पण माणसावरची निम्मी संकटं मान हलवण्यातूनच येतात (उरलेली निम्मी लग्नातून, असं तो म्हणे, शरफुन्निसा घरात नसली की).

जेद्दात अल अझीझियाला अबू फहादचं फर्निचरचं दुकान होतं आणि नसरुद्दीन तिथे अकाउंटंट. अबू फहाद त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, आणि घरमालकही. खाली अबू फहादची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, आणि वरच्या मजल्यावर नसरुद्दीनचा फ्लॅट. त्या दिवशी तो खाली गेला होता रजा मागायला. शरफुन्निसाच्या एकुलत्या एका भावाचं, आकिबचं, रत्नागिरीजवळच्या गावी लग्न होतं. "रजा नाय मिळाली तर तुम्ही ऱ्हावा हितंच. मी जाणार ती परत येणार नाय," असं तिने सकाळीच सांगून टाकलं होतं.

अबू फहाद मांडीवर एक जुनी बंदूक घेऊन खिन्न बसला होता. मजलिसीच्या भिंतीवर अशा आणखी सहा होत्या. आतल्या पिना काढलेल्या, नुसत्या शोभेच्या.

"नसरुद्दीन, ही माझ्या आजोबांची. चुलतभाऊ म्हणतो, बाजारातली नक्कल आहे. गुरुवारी हुफूफचे शेख अली पारखायला येतायत. ही तुमच्या हिंदुस्थानात बनलेली. तुला कळतं ना यातलं?"

हिंदुस्थानात आगगाड्याही बनतात, पण म्हणून नसरुद्दीनला इंजिनातलं कळत होतं का? तरी रजा डोळ्यांसमोर होती. मान हलली, आणि मान हलल्यावर जीभही सैल सुटली. "माझा आजा पलटणीत होता. हीच बंदूक असायची त्याच्या हातात!" (आजा पलटणीत होता हे खरं. पण घरच्या सांगण्याप्रमाणे तो स्वयंपाकी होता. हातात बंदूक नव्हे, डाव असायचा.)

"माशाअल्ला! मग वर नेऊन नीट बघ. अस्सल ठरली की रजा मंजूर. खलास!"

बंदूक पलंगावर ठेवून नसरुद्दीन आणि त्याची दहावीतली लेक लाइबा मोबाईलवर व्हिडिओ बघत बसले. तासाभरात तो तज्ज्ञ झाला. बोल्टवरचा, म्हणजे काडतूस पुढे सारणाऱ्या दांड्यावरचा, आणि बंदुकीच्या अंगावरचा नंबर एकच हवा, लाकडावर कारखान्याचा शिक्का हवा, हे त्याला कळलं. पण बंदुकीवर इतका मळ की नंबर दिसेना आणि शिक्काही सापडेना.

"अब्बा, डोन्ट क्लीन इट," लाइबा म्हणाली. "वो बोल रहा है, पुराना मैल ही असली व्हॅल्यू है."

"मला शिकवू नको. हात लावायचा नाय कुणी," असं म्हणून तो दुकानात गेला. फक्त हे शरफुन्निसाला सांगायचं राहिलं.

आता कोकणातल्या बाईच्या घरी परक्याची वस्तू आली की तिचा नियम ठरलेला असतो. ती घासल्याशिवाय परत जात नाही आणि रिकाम्या हाती तर नाहीच. शरफुन्निसाने गावाकडून आणलेली आमसुलं भिजत घातली, तारेची घासणी घेतली आणि बंदूक मोरीत नेली. संध्याकाळी नसरुद्दीन घरी आला तेव्हा दस्त्याची पितळी पट्टी लग्नातल्या समईसारखी चमकत होती, लाकूड खोबरेलाने तुकतुकत होतं आणि शेजारी डब्यात गरम सांदणं भरलेली होती.

"बघा! केवढी घाण होती. मोठी माणसं म्हणं!" ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

नसरुद्दीन पलंगावर बसला. (पलंग होता म्हणून. नसता तर जमिनीवर बसला असता.) "अगं, मळाचीच किंमत होती गं तिच्यात!"

"मळाची? मग तुमची बनियानं पण द्या त्यांना."

बुधवारी त्याने धीर केला. घालवलेला मळ पुन्हा चढवायचा! त्याने शरफुन्निसाकडून दाट चहा उकळून घेतला, दोन हात लाकडावर दिले. एसीच्या फिल्टरमधली धूळ झाडून वर चोळली. बंदूक पुन्हा म्हातारी झाली. नसरुद्दीनला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्याने उरलेला चहा पिऊन टाकला.

गुरुवारी मजलिस भरली. बंदुकीसोबत शरफुन्निसाच्या ताज्या सांदणांचा डबाही खाली आला होता. शेख अलींनी बंदूक उचलली, उजेडात धरली, बोट फिरवलं. मग नाकाजवळ नेली.

"वेलची," ते म्हणाले.

चुलतभाऊ पुढे सरकला.

"जुन्या वस्तूला हात लागतो तिथे ती गुळगुळीत होते आणि खाचांमध्ये मळ साचतो. इथे उलटं आहे. खाचा लख्ख आणि हात लागतो तिथे घाण. म्हणजे जुनी भासवायला कुणीतरी हा मळ लावलाय. अबू फहाद, ही नक्कल आहे."

चुलतभाऊ हसला. अबू फहादचा चेहरा मात्र असा उतरला की नसरुद्दीनला रजेचाही विसर पडला. त्या माणसाचा आजोबाच खोटा ठरत होता. नसरुद्दीन उठून उभा राहिला.

"शेख, बंदूक खरी आहे. खोटा मी आहे. बायकोने ती घासली आणि मी घाबरून चहा लावला."

"चहात वेलची कोण घालतं?" शेख अलींनी विचारलं.

"बायको. आलंही घालते."

शेख अलींनी ओल्या फडक्याने बंदूक पुसली आणि ते थबकले. आमसुलाने साफ झालेल्या बोल्टवर नंबर स्पष्ट दिसत होता. तोच नंबर बंदुकीच्या अंगावर, तोच नळीवर. लाकडावरचा शिक्का घासून निम्मा गेला होता, पण उरलेला निम्मा खरा होता. "अस्सल! मळासकट असती तर दुप्पट किंमत आली असती."

"आजोबांना विकतंय कोण?" अबू फहाद ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने चुलतभावाच्या तोंडात स्वतःच्या हाताने एक सांदण कोंबलं. मग तो नसरुद्दीनकडे वळला. "घासली कोणी?"

"बायकोने."

"तिला आणि मुलीला रजा. आजच तिकीट काढ. आणि चहा लावला कोणी?"

नसरुद्दीनने पुन्हा नुसती मान हलवली.

"तू लग्नाच्या आदल्या दिवशी जा. तोवर भिंतीवरच्या बाकीच्या सहा घास. अशाच चमकल्या पाहिजेत. यल्ला!"

गावाहून शरफुन्निसा रोज व्हिडिओ कॉलवर देखरेख करी. "खाचंत घासा नीट! परक्याची वस्तू हाय ती."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नसरुद्दीन मांडवात पोचला तेव्हा नवऱ्यामुलाच्या मेंदीपेक्षा त्याचेच हात जास्त लाल होते. सगळा मांडव हसला. एकटी त्याची म्हातारी आत्या, खतीजा फुफी, हसली नाही. तिने ते आमसुलाने रंगलेले हात हातात घेतले आणि डोळ्यांना पदर लावला.

"माझ्या अब्बाचे हात असेच असायचे रं," ती म्हणाली. "पलटणीतून सुट्टीवर आला की असेच."

"स्वयंपाक करून करून ना, फुफी?" नसरुद्दीनने छाती जरा पुढे काढली.

"स्वयंपाक? त्याला कोण चुलीजवळ येऊ देणार? भांडी घासायचा तो."